धावत्या दिव्यांचा भादवा

सुनेनं परवा महालक्ष्म्यांच्या मागच्या पडद्यावर दिव्यांची पट्टी चिकटवली. वेटोळं करून डबीत घालून आलेली, मागे गोंद असलेली पट्टी. रिमोटचं एक बटण दाबलं की दिवे डावीकडून उजवीकडे पळतात, दुसरं दाबलं की दोन्हीकडून येऊन मध्ये भेटतात, तिसऱ्यानं नुसते लुकलुकतात. "आई, कोणतं ठेवू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "एकामागून एक जाणारं ठेव. अन् जरा हळू." तिनं वेग कमी केला. लाल ठिपका सावकाश कमानीवरून सरकत गेला, आणि मी हातातली शेवंतीची वेणी तशीच धरून उभी राहिले.

छिंदवाड्यात राहून आता खूप वर्षं झाली, पण भादवा आला की मन पांढुर्ण्याला जातं. त्यातही एकाच वर्षाच्या भादव्याकडे. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. बैलांच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून उतरलेला नव्हता. कपाशीला पात्या-कळ्या धरलेल्या, झाडावरची संत्री अजून हिरवीगार. ऊन असं की सकाळी वाळत घातलेलं लुगडं दुपारच्या सरीत भिजायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वाळायचं. घराघरांतून धान्याच्या कोठ्या पुसायला निघालेल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या त्या कोठ्यांवरच उभ्या राहतात. आत धान्य, वर साडी नेसवलेलं धड आणि पितळेचा मुखवटा. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी.

आमचं घर कौलारू, तीन खोल्यांचं. मधल्या खोलीत महालक्ष्म्या बसत. बाबांचा तिगावच्या रस्त्याला संत्र्याचा लहानसा बाग होता, बाजूला कपाशी. शनिवारच्या भजनात ते ढोलक वाजवत. आईचा आवाज मोकळा, गल्लीतल्या कोणत्याही घरची आरती तीच उचलायची. मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात बीएस्सीला होते. आणि घरात होती इंदूआत्या, बाबांची धाकटी बहीण.

इंदूआत्याला ऐकू येत नव्हतं. पण जन्मापासून तशी नव्हती ती. लग्न होऊन ती सौंसरला गेली आणि तिथं तिला छातीचा आजार जडला. नागपूरच्या दवाखान्यात कित्येक महिने सुया टोचल्या. त्या सुयांनी जीव वाचवला आणि कान नेले. आधी कानात रातकिडे ओरडू लागले, मग रातकिडेही गेले, असं ती सांगायची. बरी होईपर्यंत म्हणून बाबांनी तिला माहेरी आणलं. बरी झाल्यावर न्यायला कोणी आलं नाही. बाबा सौंसरला जाऊन विचारून आले, पुन्हा एकदा जाऊन आले. त्या वेळी परतले ते बसच्या टपावर तिची ट्रंक टाकून.

ती बोलायची. बोलणं तर तिला आधीपासून येत होतं. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो कधी फार मोठा व्हायचा, कधी इतका बारीक की आम्हालाच तिच्या ओठांकडे पाहावं लागायचं. ती सगळ्यांच्याच ओठांकडे पाहायची. घरात आम्ही तिच्यासमोर उभं राहून बोलायचो, त्यापलीकडे त्याचं कोणाला काही वाटत नसे. परक्या माणसापुढे मात्र ती तोंड उघडत नव्हती.

आजारापूर्वी आत्या आईइतकीच छान गायची. माहेरी आल्यावरही सुरुवातीला ती महालक्ष्म्यांच्या आरतीला उभी राहत असे. मग एका वर्षी आरती संपली, सगळ्यांनी हात जोडले, आणि डोळे मिटून उभी असलेली आत्या एकटीच मोठ्यानं गात, टाळ्या वाजवत राहिली. एक लहान पोर हसलं. ते हसलं म्हणून दोघी-तिघी बायकांनाही हसू आलं. आत्यानं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. पुढे दर वर्षी आरतीच्या वेळेला तिला नेमकं काही काम असायचं. आंबील ढवळायची असायची, केळीची पानं पुसायची असायची.

त्या वर्षी आमच्या फिजिक्सच्या सरांनी लायब्ररीतलं एक इंग्रजी मासिक माझ्यापुढे उघडून ठेवलं. "करून पाहा," एवढंच म्हणाले. पानावर धावत्या दिव्यांचं सर्किट होतं. एक चिप ठोके देणार, घड्याळाच्या टिकटिकीसारखे. दुसरी ते ठोके मोजणार, आणि दर ठोक्याला मागचा दिवा विझवून पुढचा लावणार. दहावा दिवा लागून गेला की पुन्हा पहिला. एक बटण फिरवलं की ठोके हळू किंवा भरभर. खरं तर दिवा कुठेच जात नाही. सगळे आपापल्या जागी खिळलेले असतात, तरी डोळ्यांना वाटतं की कोणीतरी हातात कंदील घेऊन चालत गेलं. मला त्याचीच गंमत वाटली होती. आईला मी म्हटलं, यंदा महालक्ष्म्यांच्या मागची कमान मी करते.

बाबांना फवारणीच्या पंपाचं सामान आणायला नागपूरला जायचं होतं, त्यांच्यासोबत मी पॅसेंजरनं गेले. सीताबर्डीवरच्या एका बोळातल्या दुकानात दुकानदारानं काळ्या स्पंजात खोचलेली चिप काढून काउंटरवर ठेवली. बाबांनी ती तळहातावर घेतली, उलटी करून पाहिली.

"ही तं गोचीड होय," ते म्हणाले. "बैलाच्या कानात असते तशी. अन् ही मोजते म्हणतं?"

"मोजते ना काका. दहापर्यंत," दुकानदार म्हणाला.

"अन् मंग?"

"मग पुन्हा एकपासून."

बाबांनी मान हलवली आणि ती चिप जपून माझ्या हातावर ठेवली. येताना गाडीत नरखेड गेल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "तुटन-बिटन तं नाही ना ते पिशवीत?" मी डबी काढून दाखवली, तेव्हा ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

तांब्याचा पातळ थर असलेली एक पाटी आणली होती. तिच्यावर आधी तारांचा नकाशा रंगानं काढायचा, मग पाटी औषधात बुडवायची. जिथं रंग असेल तिथं तांबं टिकतं, बाकीचं विरघळून जातं. रंग म्हणून मामेबहिणीच्या लग्नातली उरलेली नेलपॉलिशची बाटली होती. मी खाली मान घालून रेघा ओढत होते, आणि आत्या भिंतीला टेकून पाहत होती.

"काय करून राहिली वं?"

मी तिच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. ती जवळ येऊन बसली.

"दोन रेघा एकमेकीले लागल्या तं?"

"तं दिवे लागत नाहीत."

तिनं आगपेटीच्या काडीला टोक केलं. मग आम्ही दोघींनी मिळून ती पाटी रंगवली, डावी बाजू तिनं, उजवी मी. मधेच ती थांबायची, माझी रेघ बोटानं दाखवायची, मी खरवडून पुन्हा काढायची. आम्ही बोलत नव्हतो. आत्यासोबतचं काम असंच असायचं. हात रिकामे असले तरच बोलता यायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन गावांची दगडफेक. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगड. अर्धं गाव नदीवर असायचं. बाबा घरातल्या कोणालाच तिकडे जाऊ देत नसत. दारं लावून घेतलेली, आणि मागच्या ओट्यावर मी आणि आत्या प्लास्टिकच्या ताटलीतलं पिवळट तपकिरी औषध हलवत बसलो होतो. नदीकडून लोकांचा गलका उठायचा, विरायचा, पुन्हा उठायचा. गलका वाढला की मी दचकायची, आणि आत्या माझ्या चेहऱ्याकडे पाहायची.

"मोठा आवाज होऊन राहिला का?"

"हो."

"मंग मी बरी हाय," ती म्हणाली आणि ताटली हलवत राहिली.

हळूहळू तांबं निघून गेलं. नेलपॉलिश पुसली तेव्हा खालच्या रेघा नव्या भांड्यासारख्या चमकत होत्या. त्या औषधाचे पिवळे डाग आमच्या दोघींच्या बोटांवर गणपती बसेपर्यंत होते. हळदीचे समजून कोणी विचारलंही नाही.

बाजारातले रेडिओ दुरुस्त करणारे दिलीपभाऊ ओळखीचे होते. त्यांच्याकडून डाग द्यायचं आयर्न आणलं आणि चिपचा एकेक पाय पाटीला डागत गेले. राळेचा धूर खोलीभर पसरायचा. देवळातल्या धुपासारखा, पण थोडा कडू. आई शेजारच्या खोलीतून विचारायची, "जळलं का काही?" पुठ्ठ्याची कमान कापून तिला मखमल लावली, भोकं पाडून त्यात दिवे बसवले. लाल, हिरवा, पुन्हा लाल. टॉर्चचे सेल जोडले. पहिल्या वेळी एक दिवा लागलाच नाही, तिथं येऊन उजेड नाहीसा व्हायचा आणि पुढच्या दिव्यात पुन्हा निघायचा. तो दिवा मी उलटा बसवला होता. सुलटा केला, आणि उजेड न अडखळता कमान चढून उतरला.

दुपार होती. खिडकी लावून मी बटण फिरवून पाहत होते, कधी भरभर, कधी हळू. आत्या समोर बसून शेंगा सोलत होती. सहज माझं लक्ष गेलं, तर तिचं बोट सुपाच्या काठावर पडत होतं. दिवा सरकला की बोट पडायचं. मी वेग वाढवला, बोट भरभर पडू लागलं. मी वेग कमी केला.

"अजून थोडं हळू कर," ती म्हणाली.

मी केला.

"एवढंच राहू दे."

तिनं सूप बाजूला सारलं. कमानीवरची नजर न काढता ती टाळी देऊ लागली, आणि मग गायला लागली. महालक्ष्म्यांची आरती. सूर तिचा राहिला नव्हता, वर जायचा तिथं खाली यायचा. पण शब्द सगळे होते, आणि प्रत्येक शब्द टाळीवर येऊन पडत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे हात पिठाचे होते. ती आत आली नाही, गेलीही नाही.

आरती पुरी करून आत्यानं मला विचारलं, "त्या दिवशी असेच चालतीन का हे?"

संध्याकाळी आई मला चुलीजवळ म्हणाली, "निर्मला, तिले आरतीले उभं नको करू."

"मी कुठं करून राहिली? तीच म्हणून राहिली."

"बाया हासल्या तं? मागच्या वेळेस ती चार दिवस जेवली नाही. मी पाह्यलं हाय ते. तू लहान होती." आईनं लाकूड आत सारलं. "आपली आरती काही एका चालीनं नाही चालत. सुरुवातीले हळू, मंग वाढत जाते. तुझे दिवे वाढतीन का?"

"बटण फिरवावं लागेल."

"कोण फिरवन?"

बाबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते आत आले. "मी फिरवतो," ते म्हणाले. "लय वाढली का समजते मले. ढोलक काय उगीच वाजवतो का?"

"आरती सोडून तुम्ही मागं बसान?" आईनं विचारलं.

"बसन ना."

दुसऱ्या दिवसापासून बाबा आणि आत्याची तालीम सुरू झाली. मखराच्या मागे, भिंतीला लागून, बाबा उपड्या टोपल्यावर बसत आणि सर्किटची पाटी मांडीवर घेत. त्यांची राकट बोटं त्या लहानशा बटणावर मावत नसत. ते ओठातल्या ओठात आरती म्हणत बटण फिरवत, आणि समोर आत्या टाळी देत असे. ठरलं असं की आरती संपली की बाबा दिवे बंद करतील. "दिवे गेले की मी थांबीन," आत्या म्हणाली. भावाबहिणीला असं एका कामात गुंतलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सौंसरहून ट्रंक आल्यापासून बाबा तिच्याशी फार बोलत नसत. काय बोलावं हे त्यांना कळत नसावं.

पुढे मी शाळेत फिजिक्स शिकवलं. प्रयोगशाळेत दर वर्षी कोणी ना कोणी धावते दिवे करून आणायचं, आणि पहिल्यांदा दिवे पळाले की पोरांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी दर वर्षी पाहिलं. मला मात्र तेव्हा हमखास मखराच्या मागे वाकून बसलेले बाबा दिसायचे. आता बाबा नाहीत, आई नाही, आत्याही नाही. आत्या पुष्कळ जगली. शेवटपर्यंत तिच्या हातचं पुरण गल्लीत नावाजलेलं होतं.

पूजेचा दिवस आला. सोळा भाज्या, वडे, कढी, आंबील, पुरणपोळ्या. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. संध्याकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. मी दिवे सुरू केले, तेव्हा शेजारच्या कळंबेकाकू म्हणाल्या, "एवढूसेच दिवे? मले वाटलं, बाजारातल्या मंडपासारखे मोठे असतीन." बल्बांच्या झगमगाटापुढे माझे दिवे खरंच चण्याएवढे होते. पण आईनं खोलीतला मोठा दिवा मालवला, समया तेवढ्या राहिल्या, आणि दोन मुखवट्यांच्या मागून तो लाल-हिरवा ठिपका हलकेच चढू लागला. मागच्या बाया मान उंचावून पाहू लागल्या.

आत्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. एक-दोघींनी तिच्याकडे वळून पाहिलं. आईनं तबक उचललं, आरती सुरू केली. दिवे तिच्या आवाजासोबत चालत होते, अगदी बरोबर. आत्याची टाळी पडली. पहिलं कडवं ती नुसती ओठ हलवत होती. दुसऱ्याला तिचा आवाज फुटला, सगळ्यांच्या आवाजात थोडा वेगळा, जाडसर. कोणी हसलं नाही. लय वाढली, पडद्यामागं बाबांनी बटण फिरवलं, दिवे जलद झाले, टाळी जलद झाली.

आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्येच दिवा थांबला. विझला नाही. कमानीच्या माथ्यावरचा हिरवा दिवा तसाच लागून राहिला, पुढं सरकेना. मला लगेच कळलं, इतक्या तालमींत फिरून फिरून बटणाची तार सुटली होती, ठोके बंद पडले होते. आत्याचे हात हवेत थांबले. दिवे गेले असते तर आरती संपली असं तिला समजलं असतं. दिवे चालले असते तर तिनं टाळी दिली असती. हे काय होतं ते तिला कळेना. तिचा आवाज बंद झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. पडद्यामागं बाबांची धडपड ऐकू येत होती, पण ती मलाच.

आई गायची थांबली नाही. गाता गाताच तिनं तबक कळंबेकाकूंच्या हातात दिलं, दोन पावलं मागं आली, आणि महालक्ष्म्यांकडे पाठ करून आत्याच्या समोर उभी राहिली. अगदी समोर, हातभरावर. तिनं आपले दोन्ही हात आत्याच्या डोळ्यांपुढं धरले आणि टाळी दिली. एक, दोन, तीन. तोंड मोठं उघडून ती एकेक शब्द म्हणत होती. आत्या तिच्या ओठांकडे पाहत राहिली, मग हातांकडे. चौथ्या टाळीला तिचे हात आईच्या हातांसोबत आले. त्या दोघींनी उरलेली आरती तशीच म्हटली, एकमेकींकडे तोंड करून. आईची पाठ देवीकडे होती, पण त्यावर कोणी बोट ठेवलं नाही. शेवटच्या ओळीला आईनं हात सावकाश खाली घेतले, आणि आत्यानंही घेतले.

बाबा मागून बाहेर आले. कपाळावर घाम होता. "तार सुटली," ते आत्याला म्हणाले. "मी नाही बंद केलं."

"माहीत हाय मले," आत्या म्हणाली.

जाताना कळंबेकाकू तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि थांबून थांबून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "इंदूबाई, उद्या आमच्या इथं आरतीले या." आत्यानं नुसती मान हलवली. येते म्हणाली की पाहू म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सुटलेली तार डागत बसले होते. आमच्या महालक्ष्म्यांची बोळवण व्हायची होती, तिच्याआधी दिवे चालू व्हावेत असं मला वाटत होतं. आईनं हाक मारली, "इंदूबाई कुठं गेल्या, पाह्य बरं." मागच्या अंगणात नव्हती, विहिरीवर नव्हती. तिचं हिरवं लुगडं दांडीवर नव्हतं. मी कळंबेकाकूंच्या घराकडे गेले. आतून आरती ऐकू येत होती.

त्यांच्याकडे कमान नव्हती, दिवे नव्हते. दोन समया आणि केळीचे खांब, एवढंच. बायांच्या घोळक्यात आत्या उभी होती. डोळे उघडे. समोरच्या बाईच्या हातांकडे पाहून ती टाळी देत होती आणि गात होती. मी दारातच थांबले. आरती झाली, तीर्थ-प्रसाद झाला. मग आत्यानं शेजारी उभ्या असलेल्या त्या घरच्या एका बाईच्या दंडाला हात लावला आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "यंदा कढीत काय घातलं वं तुम्ही? वास लई चांगला येऊन राहिला."

त्या बाईनं तिच्याकडे तोंड वळवलं, आणि सावकाश सांगू लागली.